६३ संदर्भ आणि एक प्रतिज्ञापत्र

शोधनिबंध पाठवायची वेळ आली की संशोधक विद्यार्थी माझ्याकडे जी काळजी घेऊन येतात, ती बहुधा संशोधनाची नसते. संदर्भसूचीत कुठे चूक राहिली तर निबंध नाकारतील का, की वाङ्मयचौर्याचा ठपका बसेल, हा प्रश्न बेळगावात मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून द्यावेसे वाटते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती खानापूर तालुक्यातल्या एका गावाची. रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या वरच्या खोऱ्यातील पाण्यावर तिचा निबंध होता. टिळकवाडीतल्या माझ्या खोलीत आली तेव्हा तिच्या हातात छापील प्रत होती, आणि शेवटच्या सहा पानांवर तीन रंगांच्या पेनांनी इतक्या खुणा केलेल्या होत्या की मूळ मजकूर शोधावा लागत होता. "मी तीनदा तपासलो ओ मॅडम, तरी परत पाठवले," ती म्हणाली. (आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल असेच बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांना त्याची मोठी गंमत वाटते.) दोन आठवडे तिला झोप नव्हती आणि पीएच.डी. सोडून देण्याचा विचार तिने घरी बोलून दाखवला होता.

संपादकीय कार्यालयाचे पत्र मी तिला मोठ्याने वाचायला लावले. निबंध नाकारल्याचे त्यात कुठेच म्हटले नव्हते. परीक्षकांकडे पाठवण्यापूर्वी संदर्भ या नियतकालिकाच्या पद्धतीत बसवून द्यावेत, एवढीच विनंती होती. तिने लेखकाचे आडनाव आणि वर्ष देण्याची एपीए पद्धत वापरली होती, तर नियतकालिकाला मजकुरात ज्या क्रमाने संदर्भ येतात त्या क्रमाने आकडे देण्याची व्हँकुव्हर पद्धत हवी होती. पत्र येताच तिने ६३ संदर्भांना हाताने क्रमांक दिले, मग प्रस्तावनेत एक संदर्भ वाढवला, आणि त्याच्या पुढचे सगळे आकडे सरकले. रडू तेव्हाच कोसळले होते.

कामाचा कंटाळा मला समजतो, पण एवढी भीती कुठून आली, हे मला कळेना. म्हणून मी तिला विचारले की एखाद्या अक्षराच्या चुकीची किंमत तिने किंवा घरच्यांनी कधी मोजली आहे का. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग वडिलांबद्दल बोलू लागली. जमिनीच्या कन्नड उताऱ्यावर त्यांचे नाव एका प्रकारे लिहिलेले, मराठी शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे आणि आधारवर इंग्रजीत तिसऱ्याच प्रकारे. ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत, हे सिद्ध करायला त्यांनी प्रतिज्ञापत्र करून एका कचेरीत वर्षभर हेलपाटे घातले होते, आणि अर्ज कन्नडात भरायचा म्हणून शाळकरी वयाची ही मुलगी दर वेळी त्यांच्यासोबत जात असे. सीमाभागात घरोघरी अशी एखादी कथा असते, त्यामुळे मला त्यात नवल वाटले नाही. मात्र, संदर्भातला स्वल्पविराम ती कोणत्या टेबलापुढे उभी राहून तपासत होती, हे तेव्हा मला दिसले.

पुढच्या बैठकीत आम्ही नियमच समोर ठेवले. एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे सूचीत वीसपर्यंत लेखकांची नावे द्यायची, आधीच्या आवृत्तीत ही मर्यादा सात होती, आणि व्हँकुव्हर पद्धत वापरणारी पुष्कळ नियतकालिके पहिली सहा नावे देऊन पुढे 'आणि इतर' लिहायला सांगतात. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये व्हँकुव्हरला जमले आणि त्यांनी आपल्या सोयीसाठी जे ठरवले, त्यातून ही पद्धत आली. म्हणजे हा आपापसातला करार आहे. तो पाळायचा, पण त्यात चुकणे हा गुन्हा नव्हे. वाङ्मयचौर्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली आहे, आणि तिच्यानुसार इतरांच्या लेखनाशी असलेले साम्य मोजताना संदर्भसूची वगळली जाते, हे ऐकून तिने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

यंत्राने होणारे काम यंत्राला द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. झोटेरो ही संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारी मोफत संगणकप्रणाली २००६ पासून उपलब्ध आहे. तिच्यात लेखाचा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, टाकला की बहुतेक तपशील आपोआप भरतात, आणि पद्धत बदलली की मजकुरातले आकडे व सूची दोन्ही बदलतात. तिची संपूर्ण सूची एका दुपारी उभी राहिली. अर्थात, आपल्याकडची नावे या यंत्राला नीट कळतातच असे नाही. आडनावाऐवजी आद्याक्षरे किंवा गावाचे नाव लावणाऱ्या कन्नड लेखकांचे, किंवा वडिलांचे नाव मध्ये घेणाऱ्या मराठी लेखकांचे आडनाव कोणते, हे मूळ लेख उघडून पाहावेच लागते.

हे पाहतानाच खऱ्या चुका सापडल्या, आणि त्यांतली पहिली भीतीमुळेच झालेली होती. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, म्हणून तिने जुन्या लेखांच्या शीर्षकांतले नावही बदलून टाकले होते. शीर्षक जसे छापले गेले तसेच द्यायचे असते. ते बदलले तर शोधणाऱ्याला तो लेख सापडणार नाही. दुसरी गोष्ट तिने खाली बघत सांगितली. चार लेख तिने वाचलेच नव्हते. दुसऱ्यांच्या सूचीतून उचलले होते. शिवाय एक संदर्भ चॅटबॉटने सुचवलेला होता, त्याचा डीओआय उघडत नव्हता आणि नियतकालिकाच्या त्या अंकात तसा लेखच नव्हता. इथे मी तिला धीर दिला नाही. स्वल्पविराम चुकला तर संपादक परत पाठवतात आणि आपण सुधारतो, पण न वाचलेल्या लेखाचा आधार घेणे म्हणजे वाचकाला खोटा पत्ता देणे आहे, हे मी स्पष्ट सांगितले. चारपैकी दोन लेख तिने मिळवून वाचले आणि दोन काढून टाकले. चॅटबॉटचा संदर्भ तर गेलाच. एका वाक्याला मग आधारच उरला नाही, म्हणून ते वाक्यही गेले. न वाचलेल्या संदर्भांची काळजी मात्र योग्य होती, आणि तिने ती शांतपणे निस्तरली.

निबंध पुन्हा पाठवण्यापूर्वी तिने विचारले की तिच्या स्वतःच्या नावाचे काय करावे, कारण एका परिषदेच्या लेखात ते माहेरच्या आडनावाने आणि निराळ्या स्पेलिंगने छापले गेले होते. ऑर्किड ही संशोधकांना सोळा अंकी ओळखक्रमांक देणारी व्यवस्था २०१२ पासून चालू आहे, आणि तिथे मुख्य नावाखेरीज आपली इतर नावेही नोंदवता येतात. माझ्यासमोर बसूनच तिने खाते उघडले, आपली सगळी नावे एकाखाली एक लिहिली आणि विचारले, "प्रतिज्ञापत्र नको ओ मॅडम?"

नको, मी म्हटले.