मनोहर पर्रीकरांचं बालपण आणि शिक्षण कुठे झालं? आयआयटीतून ते थेट राजकारणात आले का?

थेट नाही आले. आयआयटीतून बाहेर पडले १९७८ साली आणि आमदार झाले १९९४ साली. मधली वर्षं बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकतात आणि 'देशातले पहिले आयआयटीयन मुख्यमंत्री' हेच ठळक अक्षरांत छापून येतं. बिरुद खरं आहे, पण मी म्हापशाचा. आमच्याकडे भाई (पर्रीकरांना आम्ही भाईच म्हणायचो) आधी म्हापशाचे, मग आयआयटीचे.

जन्म १३ डिसेंबर १९५५, म्हापसा. मूळ गाव पर्रा, म्हापशाला लागूनच, आणि आडनावही त्यावरूनच आलेलं. आता तारखा जुळवून बघा. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. तेव्हा भाईंना सहा वर्षं पूर्ण होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. त्यांच्या आधीच्या पिढीत सरकारदरबारी काही व्हायचं तर पोर्तुगीज शिकून पणजीच्या लिसेवची, म्हणजे सरकारी पोर्तुगीज माध्यमिक शाळेची, पायरी चढावी लागे. मराठी शिकायची ती शेणैमामांकडे, म्हणजे गावातल्या खाजगी मास्तरांकडे, नाहीतर गावातल्या चार जाणत्यांनी वर्गणी काढून चालवलेल्या शाळेत. मुक्तीनंतर चित्र झपाट्यानं पालटलं. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. फर्मागुढीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९६७ चं. म्हणजे हा मुलगा एकेक इयत्ता चढत होता आणि गोव्यातलं शिक्षण त्याच्या पुढेमागे उभं राहत होतं. पर्रीकरांची हुशारी मान्यच, पण पाच-सात वर्षं आधी जन्मले असते तर वाट बरीच वेगळी झाली असती, असं मला वाटतं.

शाळा मडगावचं लोयोला हायस्कूल, माध्यमिक शिक्षण मराठीतून. शाळेच्या शेवटच्या वर्षांतच ते संघाच्या शाखेचे मुख्य शिक्षक झाले होते. शाखेशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांना हे पद मोठं वाटेल. प्रत्यक्षात काम असतं रोज ठरल्या वेळी मैदानात हजर राहायचं, आज्ञा द्यायच्या, खेळ घ्यायचे आणि जो आला नाही त्याच्या घरी जाऊन विचारपूस करायची. संघाचं राजकारण कुणाला पटो न पटो, घराघरात जायची सवय तिथेच लागते. पुढे निवडणुकीत ती किती कामाला येते हे गोव्यात सांगायला नको. इथे मतदारसंघ एवढेसे, शे-दोनशे मतांनी निकाल फिरतो.

लहानपणाची एक गोष्ट भाई स्वतः भाषणांत सांगायचे. पर्रा कलिंगडांसाठी प्रसिद्ध. मे महिन्यात हंगाम संपला की एक शेतकरी पोरांना बोलावून कलिंगडं खायची पैज लावायचा. हवी तेवढी खा, अट एकच: बी चावायची नाही, भांड्यात थुंकायची. पोरांपुढे तो आपली सगळ्यात मोठी, गोड कलिंगडं ठेवायचा, कारण त्याच बिया पुढच्या वर्षी पेरायच्या असत. नंतर मुलाच्या हाती शेत आलं. त्यानं हिशेब केला, मोठी कलिंगडं बाजारात नेली आणि पोरांना लहान दिली. पुढच्या वर्षी आणखी लहान. भाई आयआयटीतून परतले तोवर ते वाण संपलं होतं. पुढच्या पिढीला सगळ्यात चांगलं दिलं नाही तर वाण संपतं, असं सांगून ते शिक्षणावर यायचे.

आयआयटी मुंबईत त्यांनी धातुशास्त्राचं इंजिनिअरिंग केलं. इन्फोसिसचे नंदन निलेकणीही तिथून १९७८ लाच बाहेर पडले. त्या काळी तिथली बरीच मुलं पदवी हातात पडताच अमेरिकेची वाट धरायची. भाई म्हापशाला परत आले, स्वतःचा उद्योग सुरू केला, पुन्हा शाखेत जाऊ लागले आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी संघचालक, म्हणजे संघाचे स्थानिक प्रमुख, झाले. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. धंदा आणि संघ यात ही वर्षं गेली. मग भाजपचं काम आलं, १९९१ ला उत्तर गोव्यातून लोकसभा लढवून हरले, १९९४ ला पणजीतून जिंकले आणि ऑक्टोबर २००० मध्ये मुख्यमंत्री झाले. तेव्हा वय चव्वेचाळीस.

एक गोष्ट मात्र मला अजून कोड्यात टाकते. मराठीतून शिकलेल्या या माणसाच्या सरकारनं, आधीच्या काँग्रेस सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांना सुरू केलेलं अनुदान बंद केलं नाही. त्यावरून संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर उघड विरोधात गेले, २०१६ मध्ये त्यांना पदावरून दूर केलं गेलं आणि शाखेतली माणसं दोन तट पाडून एकमेकांसमोर उभी राहिली. भाईंचे समर्थक म्हणतात, अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न होता, दुसरा इलाज नव्हता. विरोधक म्हणतात, मतांसाठी केलं. माझं मत विचाराल तर दोन्ही कारणं होती, आणि दुसरं जरा जास्त.