इको मशीनने पंपिंग ५२ टक्के दाखवले आणि डॉक्टरांनी ४५ लिहिले, तर कोणता आकडा धरावा?

आपल्या वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे आणि सोलापुरात केलेल्या टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मशीनने आपोआप काढलेला ईएफ, म्हणजे हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकतो तो आकडा, ५२ असताना रिपोर्टवर ४५ लिहिला गेला, म्हणून आपण हा प्रश्न विचारला आहे. मीही सोलापुरातच इको करतो. माझ्या मते ४५ हाच आकडा धरावा.

मशीन डाव्या कप्प्याची आतली कड स्वतः आखते, कप्पा पूर्ण भरलेला असताना आणि पूर्ण आकुंचन पावल्यावर त्यात किती रक्त मावते ते काढते व त्यावरून टक्केवारी मांडते. भरताना १२० मिली आणि आकुंचनानंतर ६० मिली असेल, तर ईएफ ५० येतो. आकुंचनानंतरची रेघ किंचित बाहेर सरकून ६६ मिली झाले, तर तो ४५ वर येतो. एवढा मोठा वाटणारा फरक चहाच्या चमचाभर रक्ताचा असतो.

झटक्यानंतर पुष्कळदा हृदयाचे टोक निकामी झालेले असते. प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचे उपकरण, एक फासळी वर राहिला, तर चित्रात खरे टोक येतच नाही. कप्पा आखूड व गोलसर दिसतो, आणि जे टोक जवळजवळ हलायलाच नको ते आत ओढले जाताना दिसते. मशीन त्या चित्रावरही आत्मविश्वासाने रेघ आखते आणि आकडा खऱ्यापेक्षा चांगला येतो. त्यातच आपल्याकडे यंत्रमागावर उभी हयात गेलेले, विडी ओढणारे कितीतरी रुग्ण येतात. त्यांची फुगलेली फुप्फुसे हृदयाआड येतात आणि कड धड दिसत नाही. अशा वेळी अनुभवी डॉक्टर रेघ हाताने दुरुस्त करतात, आणि आपल्या वडिलांच्या बाबतीत बहुधा तेच झाले असावे.

यावरून ही प्रणाली कुचकामी आहे असे कृपया समजू नये. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातील ३,४९५ तपासण्यांच्या चाचणीत, जी २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली, हृदयरोगतज्ज्ञांना तंत्रज्ञांनी काढलेल्या ईएफमध्ये २७.२ टक्के वेळा मोठी दुरुस्ती करावी लागली, तर संगणकाने काढलेल्या ईएफमध्ये १६.८ टक्के वेळाच. मला या तंत्राविषयी मनापासून आस्था आहे, कारण ते माणसासारखे थकत नाही. मात्र त्या चाचणीतही अंतिम आकडा डॉक्टरच ठरवत होते, हे विसरून चालणार नाही.

५२ पाहून वडिलांची कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. पुढची इको शक्यतो त्याच ठिकाणी करा, जुना रिपोर्ट सोबत न्या, आणि मशीनची रेघ तशीच ठेवली की दुरुस्त केली, एवढे डॉक्टरांना अवश्य विचारा. नाडी अनियमित असेल, तर अनेक ठोक्यांची सरासरी घेतली का, हेही विचारून घ्या.