शेवट आवडला नाही, एवढ्यावर थांबू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

'मॉकिंगजे' संपवल्या संपवल्या तू लिहिलेलं मत वाचलं. 'हंगर गेम्स' मालिकेचे पहिले दोन भाग तू डोक्यावर घेतेस आणि तिसऱ्याला तीन वाक्यांत निकालात काढतेस: शेवट फसला, नायिकेच्या धाकट्या बहिणीला, प्रिमला, उगाच मारलं, आणि नायिकेचं, कॅटनिसचं, लेखिकेनं मातेरं केलं. तुझा राग खरा आहे, त्याबद्दल मला जराही शंका नाही. पण तो राग सुझान कॉलिन्सनं फार मेहनतीनं तुझ्यात उभा केलाय असं मला वाटतं. पुस्तकानं जे कमावलंय तेच तू त्याच्या चुकांच्या खात्यात टाकते आहेस. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी पहिल्या भागातल्या त्या चिठ्ठ्यांकडे परत जा, ज्यांतून दरवर्षी मुलं निवडतात आणि एकमेकांना मारायला रिंगणात, 'हंगर गेम्स'मध्ये, सोडतात. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं वाढत अठराव्या वर्षी सात. घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठ्या टाकायच्या आणि प्रत्येक चिठ्ठीमागे एका माणसापुरतं वर्षाचं तुटपुंजं धान्य आणि तेल घ्यायचं. या जादा चिठ्ठ्याही दरवर्षी साठत जातात. कॅटनिस स्वतःसाठी, आईसाठी आणि प्रिमसाठी धान्य घेत आलेली, त्यामुळे सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या. तिच्याबरोबर शिकार करणाऱ्या तिच्या मित्राच्या, गेलच्या, ४२. प्रिमच्या नावाची एकच, आणि निघते ती नेमकी तीच. गरिबाच्या पोराला मरणाच्या जास्त जवळ नेऊन ठेवणारा हा हिशोब किती थंडपणे मांडलाय बघ. आणि या हिशोबातून प्रिमला सोडवायला कॅटनिस पुढे होते. तिला क्रांती नको आहे, राज्य उलथायचं नाही, कुणाचं प्रतीक व्हायचं नाही. तिला बहीण जिवंत हवी आहे. पुढचं सगळं त्या एका कृतीतून निघालंय.

आता सांग, तिसऱ्या भागात प्रिम मरते ते उगाच कसं?

तुझ्या लिखाणात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि ती माझ्या मते या मालिकेतली सगळ्यात ताकदीची जागा आहे. चंदेरी पॅराशूट. पहिल्या भागात ती कधी येतात आठव. कॅटनिसचा पाय भाजलाय, झाडावर अडकून बसली आहे, आणि वरून तरंगत मलम येतं. पुढे रिंगणातल्या तिच्या छोट्या सोबतिणीसाठी, रूसाठी, रूच्या डिस्ट्रिक्टनं, म्हणजे प्रांतानं, पाठवलेला पाव येतो. त्या रानात दयेचा एकमेव पुरावा म्हणजे ते छोटं चंदेरी पॅराशूट. तिसऱ्या भागाच्या शेवटी हीच पॅराशूटं राष्ट्राध्यक्ष स्नोच्या वाड्यासमोर कोंडलेल्या, राजधानी कॅपिटॉलच्या मुलांवर पडतात. मुलं हात उंचावून ती झेलतात, कारण त्यातून काय येतं हे त्यांनी टीव्हीवर वर्षानुवर्षं पाहिलंय. मग स्फोट होतो. जखमी मुलांकडे बंडखोरांचे वैद्यकीय मदतनीस धावतात, त्यांत प्रिम असते, आणि मग उरलेली पॅराशूटं फुटतात.

दोन टप्प्यांचा हा सापळा आकाशातून पडलेला नाही. तो तू आधी वाचलायस. बंडखोरांच्या तेराव्या डिस्ट्रिक्टमध्ये गेल आणि शस्त्रं बनवणारा बीटी बसून हेच आखत असतात: पहिल्या स्फोटानंतर लोकांना मदतीला येऊ द्यायचं आणि मग दुसरा करायचा. कॅटनिसला ते खटकतं, ती तसं बोलतेही. गेलचं उत्तर असं की स्नोनं जे नियम वापरले तेच आपण वापरतोय. ते पान काढून परत वाच. गेल तिथं खलनायकासारखा बोलत नाही. खाणीत बाप गमावलेला, आपलं गाव जळताना पाहिलेला मुलगा बोलतो आहे, आणि त्याची चीड आपल्याला पटते. म्हणूनच पुढचं इतकं जिव्हारी लागतं. तो बॉम्ब त्याचाच होता का, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही, आणि लेखिका आपल्यालाही ते कळू देत नाही. कॅटनिसनं कुणाला निवडावं, गेलला की तिच्याबरोबर खेळात उतरलेल्या पीटाला, हा प्रश्न तू दोन परिच्छेद चघळलायस. माझ्या लेखी तो इथंच सुटला.

कॉलिन्सचे वडील अमेरिकी हवाई दलात होते, व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. या मालिकेची कल्पना कशी सुचली तेही तिनं सांगितलंय. ती रात्री टीव्हीवर चॅनेल बदलत होती. एकीकडे तरुणांच्या स्पर्धेचा रिअॅलिटी शो चालू होता, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली. हे मनात ठेवून तिसरा भाग पुन्हा चाळ. तेराव्या डिस्ट्रिक्टमध्ये कॅटनिसला नटवून स्टुडिओत उभं करतात, घोषणा पाठ करून देतात, आणि ती इतकी खोटी वाटते की सगळे गप्प होतात. मग तिला खऱ्या रणभूमीवर नेतात, आठव्या डिस्ट्रिक्टमधल्या जखमींनी भरलेल्या रुग्णालयात. त्यावर कॅपिटॉल बॉम्ब टाकतं, ती कॅमेऱ्यासमोर ओरडते, आणि ते चित्रीकरण कमालीचं परिणामकारक ठरतं. मेकअप करणारी माणसं तीच, कॅमेरा तसाच, मालक तेवढे बदललेले. रिंगणातून सुटलेली मुलगी दुसऱ्या रिंगणात आलीय आणि या वेळी रिंगण 'आपल्या' लोकांचं आहे. तू म्हणतेस या भागात कॅटनिस नुसती रडते, लपते, औषधांच्या गुंगीत असते. अगं, सतरा वर्षांच्या मुलीला दोनदा त्या खेळात टाकल्यावर तिनं काय करायला हवं होतं? तिच्या मोडण्याला पुस्तकात जागा दिली, यासाठी मी कॉलिन्सला मानते.

बंडखोरांची प्रमुख कॉइन हिनं घेतलेल्या मतदानावर तू लिहिलेलं मात्र मला आवडलं. युद्ध जिंकल्यावर ती आधीच्या खेळांतल्या, वाचलेल्या सात विजेत्यांना विचारते, कॅपिटॉलच्या मुलांचा एक शेवटचा खेळ भरवायचा का? कॅटनिस होकार देते, तिचा खेळातला मार्गदर्शक हेमिच तिच्या बाजूनं जातो, आणि चार विरुद्ध तीन असा निकाल लागतो. तुला हा होकार अक्षम्य वाटतो. मला वाटतं, त्या क्षणी तिनं कॉइनला मारायचं ठरवलंय, होकार हा कॉइनचा विश्वास मिळवण्यासाठी आहे, आणि हेमिचनं ते ओळखलंय. पण पुस्तक हे उघड सांगत नाही, तेव्हा तुझं वाचनही टिकू शकतं. फक्त 'मला पटलं नाही' म्हणून सोडू नकोस. तिच्या मनात तिथं काय काय येतं ते ओळीओळीनं तपास आणि तुझं म्हणणं त्यावर उभं कर.

मला या पुस्तकाचं सगळंच पटतं असं समजू नकोस. खरी खोट दुसरीकडे आहे आणि तुझ्या ती जवळजवळ हाताशी आली होती. सगळी गोष्ट कॅटनिसच्या तोंडून, वर्तमानकाळात चालते. पहिल्या भागात हे फार शोभतं, कारण रिंगणात तिला दिसतं तेवढंच जग असतं. तिसऱ्या भागात युद्ध देशभर पसरलेलं आणि सांगणारी मात्र वारंवार बेशुद्ध. पीटाची सुटका पडद्याआड होते. पुढे कॅटनिसनं केलेल्या कॉइनच्या खुनाचा खटला तर ती खोलीत कोंडलेली असताना उरकून जातो, आणि निकाल आपल्याला तिच्याबरोबर ऐकीव कळतो. एवढा मोठा राजकीय प्रश्न, आणि लेखिका दार लावून घेते. कॅपिटॉलच्या रस्त्यांतल्या सापळ्यांची प्रकरणंही मला लांबलेली वाटतात.

तर पुन्हा लिहिताना एवढं कर. जे घडलं त्याचं दुःख आणि ते ज्या पद्धतीनं सांगितलं त्यावरचा आक्षेप, हे दोन्ही वेगळं काढ. प्रिमचं मरण पहिल्या गटात जाईल, खटला दुसऱ्यात. प्रत्येक आक्षेपाला पुस्तकातली एक जागा जोड. 'लेखिकेनं घाई केली' असं म्हणायचं असेल तर कुठं आणि कशाची, ते दाखव. शेवटच्या प्रकरणाला तू गोडगोड म्हटलंयस. त्यात मुलं ज्या कुरणावर खेळतात त्याखाली बाराव्या डिस्ट्रिक्टची माणसं पुरलेली आहेत, हे ध्यानात घेऊन ते आणखी एकदा वाच. २०२० आणि २०२५ मध्ये आलेल्या आधीच्या काळातल्या कथा आत्ता हातात घेऊ नकोस. त्यांच्यामुळे स्नो आणि हेमिचकडे बघायची नजर बदलते, आणि मला तुझं आत्ताचं, त्यांच्याआधीचं मत हवं आहे.

कॅटनिसच्या सोबतच्या विजेत्यावरचा, फिनिकवरचा, परिच्छेद आहे तसाच ठेव. त्याला इतकं प्रेमानं उभं केल्यावर भुयारात काही ओळींत संपवलं, आणि कॅटनिसला त्याच्यासाठी थांबायलाही वेळ दिला नाही, हे तू नेमकं पकडलंयस. तिथं मी तुझ्याच बाजूनं आहे.

तुझी,
ताई