यीस्टमध्ये हिपॅटायटिस बीच्या विषाणूचे प्रथिन कसे तयार करतात, आणि त्या लशीतून बाळाला कावीळ होऊ शकते का?

लशीच्या माहितीपत्रकात यीस्टचा उल्लेख वाचून, त्यात विषाणू वाढवतात की काय, अशी शंका तुम्हाला आली आहे. मी काही वर्षे अशाच लशीच्या उत्पादनात फर्मेंटरवर, म्हणजे यीस्ट वाढवण्याच्या टाकीवर, काम केले असल्याने खात्रीने सांगते, की त्या टाकीत विषाणू कधीच नसतो. यीस्टमध्ये घातलेले असते ते विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनाचे जनुक, आणि २२६ अमिनो आम्लांच्या त्या प्रथिनातून विषाणू जन्माला येणे शक्यच नाही.

१९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली लस बाधित माणसांच्या रक्तद्रवातून हेच प्रथिन वेगळे काढून बनवत असत. यीस्टमुळे रक्ताची ती गरज संपली आणि १९८६ साली तिथेच यीस्टमध्ये बनवलेल्या लशीला परवाना मिळाला. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली पिकिया जातीचे यीस्ट वापरून अशी लस आणली.

पिकियाला आधी ग्लिसरॉलवर वाढवतात. ते संपले, की पेशींचा श्वास मंदावतो आणि टाकीतल्या विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा एकदम वर उसळतो. रात्रपाळीत आम्ही त्याच क्षणावर डोळा ठेवून बसत असू, कारण त्यानंतर मिथेनॉल सोडायचे असते. मिथेनॉल मिळाले, की घातलेले जनुक कामाला लागते, मात्र ते जास्त झाले तर पेशीच मरतात, म्हणून अगदी बेताबेताने द्यावे लागते.

माझ्या मते खरी कसोटी त्यापुढे लागते. हे प्रथिन पेशींच्या आतच राहते. त्यामुळे पेशी काचेच्या बारीक मण्यांबरोबर घुसळून किंवा प्रचंड दाबाखाली फोडतात आणि त्या गाळातून यीस्टची इतर प्रथिने व डीएनए टप्प्याटप्प्याने दूर करतात. शेवटी हाती यायला हवेत ते प्रथिन आणि मेद यांचे सुमारे २२ नॅनोमीटरचे गोल कण, कारण सुट्या प्रथिनापेक्षा अशा कणांना आपली प्रतिकारशक्ती कितीतरी चांगली ओळखते.

यीस्टच्या प्रथिनांचा अत्यल्प अंश लशीत उरू शकतो, म्हणून कोणाला यीस्टची तीव्र ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. एरवी बाळाचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावा, कारण आई बाधित असेल तर संसर्ग बहुधा प्रसूतीच्याच वेळी होतो.