रोकोको नक्षीच्या रेखाटनात डावी-उजवी बाजू जुळत का नाही?

तुम्ही विचारलंय की रोकोको काळातल्या (रोकोको म्हणजे अठराव्या शतकातली युरोपातली शिंपले, पानं आणि वळणदार वेलींच्या नक्षीची शैली) आरशाच्या चौकटीच्या रेखाटनात डावीकडे एक नक्षी आणि उजवीकडे दुसरीच कशी, चित्रकार चुकला की काम अर्धवट राहिलं? दोन्ही नाही. बहुतेक वेळा ते एकाच कागदावर मांडलेले दोन पर्याय असतात.

मी लाकडी कोरीवकामाची ड्रॉइंग करते आणि आजही हेच करते. मधोमध उभी रेघ मारायची, एका बाजूला एक नमुना, दुसऱ्या बाजूला दुसरा. गिऱ्हाइकाला शेजारीशेजारी बघून ठरवता येतं. कारागिराला तर अर्धीच चौकट पुरते; खाका उलटा ठेवून तो उरलेली बाजू उतरवून घेतो. लंडनच्या थॉमस चिपेंडेलने १७५४ साली फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं, त्यात कितीतरी खुर्च्यांचे पुढचे दोन पाय वेगवेगळे आहेत. तशी खुर्ची कुणी बनवायची नव्हती, आवडेल तो पाय निवडायचा होता.

पण रोकोकोत खरीखुरी विषमताही आहे, आणि मला त्या शैलीत सगळ्यात जास्त तीच आवडते. तुरीनमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये काम केलेल्या मेसोनिए या सोनाराचं चांदीचं शमादान, म्हणजे मेणबत्ती लावायची दांडी, बघा. १७२८ची रचना. खालपासून वरपर्यंत ते असं पीळ घेत जातं की प्रत्येक बाजूने निराळं दिसतं, म्हणून एकाच शमादानाची तीन चित्रं छापावी लागली! अर्थात सगळ्यांना हे रुचलं नाही. १७५४मध्येच कोशँ या चित्रकाराने पॅरिसच्या एका मासिकात सोनारांना विनवणी केली की बाबांनो, शमादानाचा दांडा निदान सरळ तरी ठेवा.

तुमच्या चित्रात यातलं काय आहे ते ओळखायला चौकटीच्या माथ्यावरच्या शिंपल्यापाशी नजर न्या. मधल्या रेघेवर येऊन वळणं कापल्यासारखी थांबत असतील, एका बाजूची वेल दुसऱ्या बाजूला जातच नसेल, तर ते पर्याय. वळण रेघ ओलांडून पलीकडे झुकत असेल आणि एका बाजूच्या भरगच्च पानाला समोर मोकळी जागा किंवा लांब निमुळती फांदी तोलून धरत असेल, तर चौकट तशीच वाकडी घडवायची होती. शंका वाटली तर अर्धी बाजू कागदाने झाका. उरलेला अर्धा भाग एकटा पुरा वाटला, तर तो पर्यायच समजा.