आत्याच्या ट्रंकेतले तीन अंक

प्रश्न : वकीलसाहेब, आत्या गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक आवरताना 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे तीन जुने अंक निघाले. तिन्हींची मुखपृष्ठं फाडलेली. एका अंकात वाचकाच्या प्रश्नाशेजारी पेन्सिलीची खूण आहे. आत्या शाळेत शिकवायची, फार कडक. भाऊ म्हणतो, हे 'तसलं' मासिक, संपादकाला कोर्टाने शिक्षा केलेली, रद्दीत टाक. खरं का हे? आणि डॉ. आंबेडकरांनी त्यांची केस लढवली म्हणतात, तेही खरं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, दोन्ही खरं. आधी अंक रद्दीवाल्याच्या नजरेआड ठेवा, मग पुढचं वाचा.

संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. हा प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा, असं कॉलेजात ऐकवलं गेलं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जुलै 1927मध्ये मासिक सुरू केलं. मुखपृष्ठावर बहुधा नग्न स्त्रीचं चित्र असे, त्यामुळे तुमच्या अंकांची मुखपृष्ठं कुठे गेली याचं मला नवल वाटत नाही. आत्यांनीच फाडली असतील. मासिक घरात टिकवायचं तर तेवढी किंमत मोजावी लागली असेल.

आता खटल्याचं. पहिला 1931चा, एका लेखावरून. शंभर रुपये दंड. दुसरा 1934चा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो चक्क प्रश्नोत्तरांवरून झाला! हस्तमैथुन, समलिंगी संबंध असल्या विषयांवर वाचकांनी विचारलं आणि कर्व्यांनी आडपडदा न ठेवता उत्तरं दिली. गुन्हा एवढाच. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुणे करार होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं, हाताशी कामांचा डोंगर, आणि हे वकीलपत्र घेऊन लोकप्रियता वाढणार नव्हती हे काय त्यांना कळत नव्हतं? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : लोकांच्या मनात शंका आहेत, ते विचारतात, जाणकार माणूस उत्तर देतो, यात अश्लील काय? केस हरले. दोनशे रुपये दंड.

हरायचीच होती, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं, अश्लील मजकुराबद्दलचं कलम 292. अश्लीलतेची कसोटी तेव्हा 1868च्या हिक्लिन या इंग्रजी खटल्यातून आलेली : ज्यांचं मन बिघडू शकतं अशांच्या हाती हा मजकूर पडला तर काय होईल? म्हणजे सर्वांत कच्च्या वाचकाच्या मापाने सगळ्या वाचकांचे कपडे शिवायचे. शास्त्रासाठी किंवा लोकहितासाठी लिहिलंय, हा बचाव कायद्याच्या पुस्तकात आला 1969च्या दुरुस्तीने. कर्वे त्याआधी सोळा वर्षं, 1953मध्येच गेले. हिक्लिनला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निरोप दिला तो तर 2014मध्ये.

आंबेडकरांनी हा विषय कोर्टातच सोडला नाही. नोव्हेंबर 1938मध्ये मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. बाजूने 11, विरुद्ध 52. वकिलाने पक्षकाराचा मुद्दा फीपुरताच मानायचा असतो, असं आमच्यात हसत हसत म्हणतात. इथे तसं नव्हतं.

आपल्याकडे व्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की आगरकर आठवतात, मग भाषणं, वर्तमानपत्रं, तुरुंग. दोनशे रुपये दंडाचा हा खटला मात्र कुणा अनामिक माणसाच्या चार ओळींच्या पत्राचा होता. विचारायला घरात कुणी नाही, डॉक्टरसमोर तोंड उघडत नाही, म्हणून त्याने पोस्टकार्ड लिहिलं असेल.

आणि कबूल करतो, माझे हातही स्वच्छ नाहीत. वकिलीच्या सुरुवातीला एका छोट्या मासिकाच्या संपादकाने असंच एका बाईचं पत्र मला दाखवलं होतं. "छापू नका, उगाच झंझट," मी म्हणालो. त्याने ऐकलं. त्या बाईंना उत्तर मिळालं का, मी विचारलंही नाही. या सदराकडे येणारी काही पत्रंही संपादक आणि मी अजून बाजूला ठेवतोच.

अंकांना डिंक आणि सेलोटेप लावू नका. कागद ठिसूळ असेल. साध्या कोऱ्या कागदात गुंडाळा आणि जुनी नियतकालिकं जपणाऱ्या एखाद्या ग्रंथालयाला स्कॅन करायला द्या. भावाला हे उत्तर वाचायला दिलंत तर हरकत नाही.

खूण कोणत्या प्रश्नाशेजारी आहे, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बरं केलंत. ग्रंथालयात देण्याआधी खोडरबर घेऊन बसावं की नाही, एवढं मात्र मला विचारू नका. आत्या तुमच्या होत्या.