जहाज आणि दिशाकोनाच्या गणितांत आकृती नेमकी कशी काढायची?

तुमचा प्रश्न असा आहे: "जहाज बंदरातून ०५०° दिशाकोनावर ३० किमी जाते, मग ११०° दिशाकोनावर ५० किमी जाते. आता ते बंदरापासून किती दूर आहे? परतीचा दिशाकोन कोणता? माझं उत्तर ४३.६ किमी येतं, पुस्तकात ७० आहे. आमच्या खेड्यात समुद्र कोणी पाहिलेला नाही, आकृतीच सुचत नाही."

समुद्र पाहिला नाही म्हणून काही अडत नाही. सोयाबीन निघाल्यावरचं मोकळं वावर पुरतं. मी हिंगणघाटजवळच्या खेड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो आणि हा धडा फळ्यावर कधीच सुरू करत नाही.

आधी तुमचे ४३.६ कुठून आले ते पाहू. तुम्ही ११० मधून ५० वजा करून ६० काढले आणि तोच त्रिकोणाचा कोन धरला. कोसाइन नियम तुम्ही बरोबरच लावलात, आकडेमोडही चोख आहे. फक्त ६०° हे जहाजाचं वळण आहे. त्रिकोणाच्या आतला कोन वेगळा.

वावरात हे असं कळतं. धुऱ्याजवळ पऱ्हाटीची एक काडी रोवा, ते बंदर अ. मोबाइलमधल्या होकायंत्रावर ०५०° धरून ३० पावलं चाला, तिथे दुसरी काडी, ब. आता उजवीकडे वळून ११०° वर तोंड करा आणि तिथेच थांबा. एक हात समोर, जिकडे जायचं तिकडे. दुसरा हात मागे, अ च्या काडीकडे. दोन हातांमधला कोन बघा. तो ६०° वाटतो का? चांगला पसरट, काटकोनाहून मोठा आहे. तोच तुमच्या त्रिकोणाचा कोन. पुढे ५० पावलं चालून क ची काडी रोवा आणि क पासून अ पर्यंत सरळ मोजत या, सत्तरच्या आसपास पावलं भरतात. हे एकदा पायाने केलेलं पोरगं पुन्हा ही चूक करत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता हेच कागदावर. दिशाकोन नेहमी उत्तरेपासून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात आणि तीन अंकांत लिहितात. जुन्या पद्धतीत "दक्षिणेकडून २०° पूर्वेस" असं दिलेलं असतं, ते आधी १६०° करून घ्या. मग सगळ्यात महत्त्वाचं: जहाज जिथे जिथे वळतं, तिथे उत्तरेची नवी उभी रेषा काढा. अ पाशी एक, ब पाशी एक. बहुतेक मुलं अ पाशी काढतात आणि ब पाशी विसरतात, आणि गणित तिथेच हातचं जातं. या रेषा एकमेकींना समांतर असतात, म्हणून नववीतले व्युत्क्रम कोन आणि आंतरकोन इथे कामाला येतात. ब वरून मागे अ कडे पाहण्याचा दिशाकोन ०५० + १८० = २३०°. पुढे क कडचा ११०°. फरक १२०°. झाला कोन.

अक² = ३०² + ५०² − २ × ३० × ५० × कोसाइन १२०°. कोसाइन १२०° म्हणजे उणे अर्धा, म्हणून ३४०० + १५०० = ४९००, आणि अंतर ७० किमी.

परतीच्या दिशेसाठी साइन नियम. साइन अ = ५० × साइन १२०° ÷ ७० = ०.६१८६, म्हणून कोन अ सुमारे ३८.२°. (१४१.८° चा साइनही तेवढाच येतो, पण एक कोन १२०° असताना तो बसूच शकत नाही.) बंदरातून जहाज ०५० + ३८.२ = ०८८.२° वर दिसेल, आणि परतीचा दिशाकोन त्यात १८० मिळवून २६८.२°. उत्तर पटतं का ते गावच्या भाषेत तपासा: जहाज जवळजवळ थेट उगवतीला गेलं, तर परत येताना मावळतीकडेच यायला हवं. तुमचे ४३.६ सुद्धा असेच पकडता आले असते. थोडंसं वळून पुढेच गेलेलं जहाज दुसऱ्या टप्प्याच्या ५० किमीपेक्षाही जवळ कसं राहील?

खेड्यातल्या माणसाला दिशा शिकवाव्या लागत नाहीत. खरेदीखतातली चतुःसीमा आपण लहानपणापासून ऐकतो: पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस पांदण. त्याला फक्त अंश जोडायचे आहेत.

आणि त्रिकोणमितीचा आपल्या मातीशी जुना संबंध आहे. विल्यम लँब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने मोजून भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. एक बाजू मोजायची, पुढे थिओडोलाइटने कोन घेत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. असं काम करत उत्तरेकडे सरकताना १८२३ मध्ये ते हिंगणघाटला वारले. मुलांना हे सांगितलं की साइन नियम त्यांना परका वाटत नाही.

त्यांची रीत तुम्हीही करून बघा. समजा रस्ता सरळ उत्तरेला जातो. एका ठिकाणाहून गावची पाण्याची टाकी ०३०° वर दिसते, १ किमी पुढे गेल्यावर ०७५° वर. पहिल्या जागी त्रिकोणाचा कोन ३०°, दुसऱ्या जागी १८० − ७५ = १०५°, म्हणून टाकीपाशी ४५°. दुसऱ्या जागेपासून टाकी साइन ३०° ÷ साइन ४५°, म्हणजे सुमारे ७०७ मीटर. दीपस्तंभाचं गणित तंतोतंत हेच असतं, टाकीच्या जागी दीपस्तंभ आणि रस्त्याच्या जागी जहाजाचा मार्ग. फक्त वेग नॉटमध्ये दिला असेल तर एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किमी, आणि अंतर आधी वेग गुणिले वेळ करून काढावं लागतं.